लांबी नको, व्हीलबेस विचारा

गाडी बघताना आपण एकूण लांबी विचारतो. विचारायला हवा तो व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या केंद्रांमधलं अंतर. नॅनोच पाहा. मारुती ८०० ची लांबी ३३३५ मिमी, नॅनोची ३०९९. तरी व्हीलबेस अनुक्रमे २१७५ आणि २२३०! टाटांच्या अभियंत्यांनी इंजिन मागे नेलं, चाकं टोकांना सरकवली आणि आखूड गाडीत पाय पसरायला जागा झाली. हे अंतर वाढलं की गाडी पुढेमागे डोलते कमी, ब्रेक लावल्यावर पुढच्या चाकांवर सरकणारा भार घटतो आणि साकोलीच्या महामार्गावर वेगातही ती सरळ धावते.

मग वळायला जास्त जागा लागेल, असा आक्षेप येतो. लागते, पण पुढची चाकं किती वळतात तेही बघावं लागतं. नॅनो ४ मीटर त्रिज्येत वळायची. दुसरा आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. एकोडीत धानाच्या बांध्यांकडे जाणाऱ्या पांदण रस्त्यावर उंचवटा आला, की लांब गाडीचं पोट आधी टेकतं. तीन दारांच्या थारचा व्हीलबेस २४५० मिमी, पाच दारांच्या रॉक्सचा २८५०. जमिनीपासूनची उंची सारखी धरली, तर अशा उंचवट्यावरून आखूड थारच सहज निघेल.