क्लेडनचं दप्तर

राल्फ व्हर्नी कागद फाडत नसे. आलेलं पत्र तर तो ठेवायचाच, पण आपल्या उत्तराचा खर्डाही जपायचा. या खोडीमुळे बकिंगहॅमशायरमधल्या क्लेडन हाउस या त्याच्या वाड्यात सतराव्या शतकातली तीस हजारांहून अधिक पत्रं टिकली. १६६१ साली तो बॅरोनेट झाला, म्हणजे त्याला ‘सर’ ही वंशपरंपरेने चालणारी पदवी मिळाली. माझ्या मते मात्र त्याचं खरं वतन म्हणजे हे दप्तर.

बॅरोनेट म्हटलं की मुंबईकराला जमशेटजी जीजीभॉय आठवतात. पण या पदवीचा जन्म निव्वळ पैशाच्या गरजेतून झाला. आयर्लंडमधल्या अल्स्टर प्रांतातल्या फौजेसाठी पहिल्या जेम्स राजाला पैसा हवा होता. म्हणून १६११ साली त्याने भाव ठरवला: तीस शिपायांचा तीन वर्षांचा पगार. रोजी आठ पेन्स धरले की बरोबर १,०९५ पौंड होतात. उमरावांच्या सभागृहात मात्र या पदवीने जागा मिळत नसे.

राल्फचे वडील सर एडमंड हे जेम्सनंतरच्या राजाचे निशाणबरदार. राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी पेटली तेव्हा राल्फ पार्लमेंटच्या बाजूला, वडील राजाच्या. २३ ऑक्टोबर १६४२ रोजी एजहिलच्या लढाईत सर एडमंड पडले. देह कधीच सापडला नाही. निशाणाची काठी घट्ट धरलेला हात तेवढा मिळाला, अशी आख्यायिका आहे. पुढच्याच वर्षी पार्लमेंटने धर्माची नवी शपथ घ्यायला लावली. राल्फने ती घेतली नाही आणि बायकोमुलांसह फ्रान्स गाठलं. राजाचाही नाही, पार्लमेंटचाही नाही, अशी त्याची गत झाली. इकडे जमिनीवर जप्ती आली.

ती उठवायला गेली त्याची बायको मेरी. लग्नात ती तेरा वर्षांची होती, तो पंधरा. १६४६ च्या अखेरीस ती लंडनला आली, पोटात मूल घेऊन. जप्तीचं काम पाहणाऱ्या समितीच्या पायऱ्या झिजवताना तिने मुलाला जन्म दिला, ते गेलं. त्याच सुमारास फ्रान्समध्ये ब्लुआ गावी नवऱ्यापाशी राहिलेली मुलगीही गेली. हे सगळं ती दोघं एकमेकांना पत्रांतून कळवत होती, आणि त्याच पत्रांत खंडाचा हिशेबही होता. जानेवारी १६४८ मध्ये जप्ती उठली. १६५० साली मेरी ब्लुआतच वारली. राल्फने तिचा देह मसाले भरून क्लेडनला पाठवला. पुढे शेहेचाळीस वर्षं जगला, पण दुसरं लग्न केलं नाही.

पदवी थोरल्या पातीसाठी असते. राल्फचा थोरला मुलगा एडमंड बापाआधी गेला, त्याची मुलंही गेली. १६९६ साली पदवी मिळाली ती धाकट्या जॉनला, ज्याने अलेप्पोला बारा वर्षं व्यापार केला होता. जमीनदारीचा तोरा पेढीवर शिकलेल्या हाताने सांभाळला, याची मला गंमत वाटते. जॉनचा नातू अर्ल व्हर्नी मात्र उलट्या वळणाचा. त्याने क्लेडनला रोकोको नक्षीची दालनं उभारली आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या शेअरांवर सट्टा खेळला. १७६९ साली हैदरअलीशी चाललेल्या युद्धाची वाईट बातमी लंडनला पोचली, भाव कोसळले, आणि अर्ल बुडाला. १७९१ मध्ये तो निपुत्रिक वारला. पदवी तिथेच संपली. पुतणीने वाड्याचा बराचसा भाग पाडून टाकला.

दप्तर राहिलं. पुढे वाडा सर हॅरी कॅल्व्हर्ट यांच्याकडे आला. त्यांनी व्हर्नी हे आडनाव घेतलं आणि १८५८ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेलची थोरली बहीण पार्थेनोपी हिच्याशी लग्न केलं. तिने पत्रं लावायला, उतरवायला घेतली. या पत्रांवरच्या पुस्तकाचे पहिले दोन खंड १८९२ मध्ये निघाले, तेव्हा ती जाऊन दोन वर्षं झाली होती. पुढचे तिच्या सावत्र मुलाची बायको मार्गारेट हिने पुरे केले.