मेंदूत ठेवलेली चकती
(लेखांक ७)

मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात, त्यामुळे रक्तातली बहुतेक औषधं मेंदूत शिरत नाहीत, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. मग औषध थेट आतच नेऊन ठेवलं तर?

लाहोरमध्ये शिकलेल्या अयुब ओमाया या न्यूरोसर्जननं १९६३ साली अमेरिकेत तसं उपकरण मांडलं. टाळूच्या त्वचेखाली घुमटाच्या आकाराची छोटी पिशवी आणि तिची नळी मेंदूतल्या द्रवाच्या पोकळीत. त्वचेवरून सुई टोचून पिशवीत औषध सोडायचं. रक्ताचा कर्करोग मेंदूच्या आवरणांपर्यंत पोचला की ही पिशवी आजही कामी येते. मात्र तिचं औषध जातं द्रवात. मेंदूच्या गरात रुजलेल्या गाठीला त्याचा फारसा उपयोग नाही.

ग्लायोब्लास्टोमा ही तशीच गाठ, आणि फार चिवट. शस्त्रक्रियेनं काढली तरी ती परत येते, आणि बहुतेकदा जुन्या जागेपासून दोन सेंटिमीटरच्या आतच. म्हणजे औषध हवं ते नेमकं तिथे. बाल्टिमोरचे न्यूरोसर्जन हेन्री ब्रेम आणि एमआयटीचे रॉबर्ट लँगर यांनी त्यासाठी ग्लायाडेल ही चकती घडवली. व्यास साधारण दीड सेंटिमीटर, जाडी एक मिलिमीटर, आत ७.७ मिलिग्रॅम कारमुस्टीन. गाठ काढली की त्या खळग्याच्या भिंतींवर अशा आठपर्यंत चकत्या लावायच्या आणि कवटी बंद करायची.

खरी करामत चकतीच्या पॉलिमरची. त्याला पाणी आत घ्यायला आवडत नाही. साबणाची वडी वरून झिजते तशी चकती थराथरानं झिजते आणि औषध दोन-तीन आठवडे सुटत राहतं. हेच कारमुस्टीन शिरेतून दिलं तर काही मिनिटांतच त्याचं विघटन सुरू होतं, वर फुप्फुसं आणि अस्थिमज्जा यांना इजा होते ती वेगळीच. १९९६ मध्ये अमेरिकेनं चकतीला मान्यता दिली.

आणि फळ? २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २४० रुग्ण होते. औषधाची चकती मिळालेल्यांचं मध्यम आयुष्य १३.९ महिने, नुसती चकती मिळालेल्यांचं ११.६. दोन महिने आणि थोडे दिवस. घरच्यांना विचाराल तर ते कमी नाहीत. पण एवढ्या हिकमतीच्या मानानं कमीच. शिवाय मेंदूला सूज, जखम न भरणं, जंतुसंसर्ग हे धोके आहेतच.

गणित अडतं ते अंतरात. चकतीतून सुटलेलं औषध मेंदूच्या गरात जेमतेम काही मिलिमीटर पसरतं, कारण वाटेतल्या केशवाहिन्या ते ओढून नेतात. कर्कपेशी तर त्याच्या पुढे सेंटिमीटरभर जाऊन बसलेल्या. माझ्या मते या चकतीनं पहिला अडसर ओलांडला आणि दुसरा उघडा पाडला.

औषध आपोआप पसरत नसेल तर ते पंपाच्या दाबानं ढकलावं, असा विचार पुढे आला. ब्रिस्टलमध्ये पार्किन्सनच्या ४१ रुग्णांवर तो करून पाहिला गेला. त्याविषयी पुढच्या आठवड्यात.