फोन पुरेसा नाही म्हणून डीएसएलआर? निकॉन डी७५०० ची उलटतपासणी

कालचा एपिसोड ज्यांना ऐकायचा नाही, वाचायचाय, त्यांच्यासाठी हा लिहून काढलाय. बोलताना झालेली "अं... म्हणजे काय ना" गाळली आहेत. आकडे मात्र सगळे ठेवलेत, कारण गाडी चालवताना कानावर पडलेला आकडा पुढच्या सिग्नलपर्यंत टिकत नाही.

विषय तुम्हीच दिलाय. वेगवेगळ्या शब्दांत एकच मेसेज येत राहतो: "दादा, फोनवर बरे फोटो काढतो, आता सिरीयसली शिकायचंय, सेकंडहँड डी७५०० मिळतोय, घेऊ का?" विचारणारे बहुतेक पहिल्या नोकरीतले. म्हणजे प्रश्न दोन-चार महिन्यांच्या बचतीचा आहे. अशा वेळी "मस्त कॅमेरा आहे, घेऊन टाक" म्हणणं सोपं असतं, पण पैसे आपले जात नसतात ना.

आधी ओळख. डी७५०० एप्रिल २०१७ मध्ये जाहीर झाला, अमेरिकेत नुसत्या बॉडीची किंमत साधारण १,२५० डॉलर. शिकाऊंच्या वर आणि प्रोफेशनल बॉडीच्या खाली, अशी ही मधली जागा. सेन्सर २०.९ मेगापिक्सेलचा, निकॉनच्याच डी५०० मधला. डी५०० तेव्हा क्रॉप सेन्सरवाल्यांचा राजा होता. सेकंदाला ८ फोटो, कमाल शटर १/८०००, बॅटरी-कार्डसकट वजन ७२० ग्रॅम. कागदावर एकदम झकास.

आता पहिला अडथळा. "माझ्या फोनमध्ये २०० मेगापिक्सेल आहेत, मी २० वर का येऊ?" मेगापिक्सेल सोडा, क्षेत्रफळ बघा. डी७५०० चा सेन्सर साधारण २३.५ बाय १५.७ मिलिमीटरचा, म्हणजे जवळपास ३७० चौरस मिमी. महागड्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात जो '१/१.३ इंची' सेन्सर असतो, तो ७० चौरस मिमीच्या आसपास. पाचपट फरक. जास्त जागा, जास्त प्रकाश, कमी नॉइज.

इथपर्यंत प्रत्येक रिव्ह्यूवाला सांगतो. पुढचं गणित फारसं कोणी करत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे.

फोनच्या मुख्य लेन्सचं अ‍ॅपर्चर एफ १.७ च्या आसपास असतं. डी७५०० बरोबर जी किट लेन्स येते, १८-१४० किंवा १८-५५, ती सगळ्यात वाइड ठेवली तरी एफ ३.५. एफ-नंबर जितका मोठा तितकं भोक लहान, आणि हिशेब वर्गात चालतो. ३.५ भागिले १.७ म्हणजे २.०६, त्याचा वर्ग सव्वाचार. म्हणजे तेवढ्याच शटर स्पीडला फोनच्या सेन्सरच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर सव्वाचारपट प्रकाश पडतोय. तुमचा सेन्सर पाचपट मोठा, त्याचा प्रकाश सव्वाचारपट दाट. सामना जवळपास बरोबरीत सुटला! त्यात फोन पाच-दहा फ्रेम काढून एकावर एक रचतो आणि नॉइज धुऊन टाकतो. डीएसएलआर यातलं काही करत नाही, एकच फ्रेम देतो, जशी आहे तशी. मित्राचा नवाकोरा कॅमेरा घरगुती वाढदिवसाला फोनसमोर का हरतो, त्याचं उत्तर हे आहे. कॅमेरा खराब नाही, लेन्स बारीक डोळे करून बसलीय.

आता त्याच बॉडीवर ३५ मिमी एफ १.८ लावा. निकॉनच्या लेन्सांमधली ही स्वस्तातली, छोटीशी. अ‍ॅपर्चर फोनइतकंच झालं, सेन्सर मात्र पाचपट मोठाच राहिला. एकूण प्रकाश साधारण साडेचारपट, म्हणजे दोन स्टॉपहून थोडा जास्त. आयएसओ ६४०० ला काढायचा फोटो १४०० ला निघेल. त्यामुळे नुसत्या बॉडीचा रिव्ह्यू मला अर्धवटच वाटतो. बजेट ठरवताना बॉडी आणि ही एक लेन्स धरून ठरवा. किट लेन्स फुकट मिळाली तर घ्या, तिच्यासाठी वेगळे पैसे मोजू नका.

बरं, प्रकाश झाला. पण फोनपेक्षा वेगळं असं जे या कॅमेऱ्यात खरंच आहे, ते म्हणजे हलणाऱ्या गोष्टी पकडणं. फोनची फ्रेमा रचायची युक्ती स्थिर विषयावर जादू करते. संध्याकाळी मिरवणुकीत ढोल वाजवणाऱ्याचा हात घ्या. प्रत्येक फ्रेममध्ये टिपरू वेगळ्या ठिकाणी. फोन एकतर ते पुसट करतो, नाहीतर त्या भागापुरता एकाच फ्रेमवर येतो आणि तिथे चिखल दिसतो. भिगवणला पाण्यावरून जाणारे रोहित पक्षी घ्या, तिथे तर फोनची लेन्सच पोचत नाही.

डीएसएलआर हे कसं करतो? लेन्समधून आलेला बराचसा प्रकाश आरशावरून वर जातो, तुमच्या डोळ्यात. म्हणजे तुम्ही स्क्रीनवरचं चित्र बघत नसता, प्रत्यक्ष दृश्य बघत असता, शून्य उशिराने. मुख्य आरशाचा मधला भाग अर्धपारदर्शक असतो. त्यातून थोडा प्रकाश मागच्या छोट्या आरशावर आणि तिथून कॅमेऱ्याच्या तळाशी बसलेल्या वेगळ्या फोकस सेन्सरवर जातो. या सेन्सरचं एकच काम: फोकस कुठल्या दिशेला आणि किती चुकलाय ते सांगणं. म्हणून लेन्स चाचपडत नाही, थेट जागेवर जाते. डी७५०० मध्ये असे ५१ पॉइंट आहेत, त्यातले मधले १५ क्रॉस प्रकारचे, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेषा ओळखणारे. शिवाय १,८०,००० पिक्सेलचा एक मीटरिंग सेन्सर रंग बघून विषयाचा माग काढतो. आमच्या भाषेत सांगायचं तर मुख्य प्रोसेसरवर भार न टाकता बाजूला एक स्वतंत्र सर्व्हिस चालू आहे.

पण याची दुसरी बाजू फोनवरून येणाऱ्यांना लगेच बोचते. तुम्ही सवयीने मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढायला जाता. त्यासाठी आरसा वर उचलावा लागतो. आरसा वर गेला की फोकस सेन्सरला प्रकाशच मिळत नाही, ती सर्व्हिस बंद! मग कॅमेरा मुख्य सेन्सरवरचा कॉन्ट्रास्ट मोजत पुढे-मागे चाचपडतो. टचस्क्रीन आहे, बोट लावून फोकस होतो, पण फोनपेक्षा हळू. दुकानात कॅमेरा हातात घेतल्यावर लोक नेमकं हेच करून बघतात आणि "एवढा स्लो?" म्हणून परत ठेवतात. डोळा व्ह्यूफाइंडरला लावा, फोकस मोड एएफ-सी ठेवा, आणि दुकानासमोरून जाणाऱ्या स्कूटीवर ट्राय करा. मग मत बनवा.

व्हिडिओचं एका दमात सांगतो. ४के आहे, पण त्यात फ्रेम आणखी दीडपट कापली जाते, त्यामुळे १८ मिमीची लेन्स फुलफ्रेमवरच्या ४० मिमीसारखी दिसते. स्क्रीन वर-खाली होते, तुमच्याकडे वळत नाही. फोकस ते चाचपडणारंच. व्लॉग किंवा रील करायचे असतील तर हा कॅमेरा तुमच्यासाठी नाही, फोनच ठेवा.

आता थोडं निकॉनच्या प्रॉडक्ट मॅनेजरबद्दल. कोण ते मला माहीत नाही, पण हात जोडावेत असं काम केलंय. डी७५०० च्या आधी डी७२०० होता, २०१५ चा. नवं मॉडेल म्हणजे सगळंच वाढणार असं आपण धरतो ना? इथे तीन गोष्टी काढून घेतल्या. दोन कार्ड स्लॉट होते, एक ठेवला. बॅटरी ग्रिपची सोय काढली. आणि जुन्या मॅन्युअल लेन्सचं अ‍ॅपर्चर ओळखणारी कड काढली, म्हणजे आजोबांच्या कपाटातली निकॉर लेन्स बसेल, पण मीटर चालणार नाही, एक्स्पोजर अंदाजाने. सॉफ्टवेअरमध्ये हे आम्ही रोज बघतो. महागडा प्लॅन खपावा म्हणून स्वस्त प्लॅनमधली एखादी सोय बंद. वरचा डी५०० दोन स्लॉट देत होता. मला तरी कारण तेच दिसतं.

यातलं तुम्हाला काय लागू होतं? ग्रिप विसरा. जुन्या लेन्स नसतील तर तेही विसरा. स्लॉटचा मात्र विचार करा. छंद म्हणून ट्रेकला, पक्षी बघायला जात असाल तर एक स्लॉट पुरतो, कार्ड चांगलं घ्या आणि घरी आल्यावर त्याच रात्री कॉपी करा. पण "वीकेंडला लग्नं पण करीन, ईएमआय सुटेल" असं डोक्यात असेल तर थांबा. मंगलाष्टकं संपून अक्षता पडतात तो क्षण परत घेता येत नाही, आणि कार्ड कुठल्याही कंपनीचं असो, कधीतरी जातंच. दोन स्लॉट असतील तर प्रत्येक फोटो दोन्हीकडे लिहिता येतो. पैसे घेऊन काम करायचं असेल तर मी जुना डी७२०० घेईन, हा नाही. त्यात २४ मेगापिक्सेल आहेत, फोकसचे ५१ पॉइंटही आहेत.

उलट पक्षीवाल्यांसाठी डी७५०० सरळ पुढे जातो, आणि कारण आहे बफर. १४-बिट रॉ फाइल सलग काढत गेलं तर डी७२०० जेमतेम १८ फोटोंनंतर अडखळतो. डी७५०० पन्नासपर्यंत जातो, म्हणजे ८ च्या वेगाने सहा सेकंद बोट दाबून ठेवता येतं. पक्षी पाण्यावरून उठतो, पंख उघडतो, वळतो, हे सगळं त्या सहा सेकंदांत बसतं.

"पण दादा, मिररलेस का नाही?" रास्त प्रश्न. निकॉनने २०२० नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही, सगळं लक्ष मिररलेसकडे गेलंय. २०१९ चा झेड५० घ्या. सेन्सर तेवढ्याच २०.९ मेगापिक्सेलचा, बॅटरी-कार्डसकट वजन ४५० ग्रॅम, आणि स्क्रीनवर बघूनही फोकस पटकन होतो. बॅटरी मात्र एका चार्जला ३०० च्या आसपास फोटो, डी७५०० ची ९५०. राजगडावर मुक्काम असेल आणि पॉवर बँक फोनलाच पुरत नसेल, तर हा आकडा महत्त्वाचा वाटतो. नवीन घेणार असाल तर मिररलेस घ्या, त्यात वाद नाही. डी७५०० चा मुद्दा सेकंडहँडचा आहे. लोक मिररलेसकडे चाललेत, त्यामुळे चांगल्या एफ-माउंट लेन्सा स्वस्तात विकायला निघतायत. हे माउंट १९५९ पासूनचं आहे, माल भरपूर आहे. डी७५०० च्या बॉडीत फोकस मोटरसुद्धा आहे, त्यामुळे स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्सही त्यावर आपोआप फोकस होतात. निकॉनच्या स्वस्त बॉडींवर त्या होत नाहीत, आणि झेड५० वर अ‍ॅडॉप्टर लावूनही होत नाहीत.

मग सेकंडहँड बघायला गेलात तर काय कराल? स्वतःचं कार्ड खिशात घेऊन जा. एक फोटो काढा आणि त्या फाइलमधून शटर काउंट वाचा. निकॉन तो आकडा प्रत्येक फोटोच्या माहितीत लिहितं आणि तो दाखवणाऱ्या साइट आहेत. शटर १,५०,००० वेळांसाठी तपासलेलं असतं. आठवड्याला ३०० फोटो काढले तरी वर्षाचे साडेपंधरा हजार होतात. म्हणजे ४०,००० काउंटला घाबरू नका. १,२०,००० असेल तर किंमत त्या मानाने उतरवून मागा.

मग अ‍ॅपर्चर एफ १६ करून पांढऱ्या भिंतीचा किंवा आभाळाचा फोटो काढा आणि झूम करून बघा. काळे ठिपके म्हणजे सेन्सरवर धूळ. ती साफ होते, पण खर्च तुमचा. फोनचा टॉर्च लेन्समध्ये तिरका मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. मुंबई-कोकणात पावसाळे काढलेल्या लेन्समध्ये ती हमखास सापडते, ती लेन्स नको. तुम्ही घेतल्यावरही हवाबंद डबा आणि सिलिका जेल लागेलच, जूनच्या आधी.

शेवटची चाचणी फोकसची, आणि ही सगळेच विसरतात. फोकस सेन्सर आणि फोटो काढणारा सेन्सर वेगवेगळ्या जागी आहेत, बरोबर? मग दोघांची अंतरं केसभर जरी वेगळी झाली तरी फोकस थोडा पुढे किंवा मागे पडतो. वर्तमानपत्र टेबलावर पसरा, तिरपे बसा, एफ १.८ वर एका ओळीवर फोकस करून फोटो काढा. वेगळीच ओळ धारदार आली तर मेन्यूत एएफ फाइन-ट्यून आहे, प्रत्येक लेन्ससाठी वेगळं सेव्ह होतं. पाच मिनिटांचं काम आहे, पण विकणाऱ्यासमोर तोंड न उघडता करा. ती चूक त्याला खराबी वाटत असेल, तर भाव करायला तुमच्याकडे मुद्दा आहे.