उचलू नका, खाली सोडा

सकाळी 8.45
जिल्हा रुग्णालयाच्या मागच्या अंगाला लहान मुलांची उपचार खोली. फिजिओथेरपिस्ट मॅडम कुलूप काढतात. चपला बाहेर. आधी रेक्झिनच्या गाद्या पुसायच्या. मुलांची लाळ गळते, म्हणून दिवसातून तीनदा. मग मोठ्या चेंडूत हवा. पंप मॅडमनी स्वतःच्या पैशातून आणलाय, 250 रुपयांचा. नोकरी कंत्राटी, करार अकरा महिन्यांचा.

9.20
पहिली आई पहाटेच्या एसटीने आलीय. कडेवर साडेतीन वर्षांचा मुलगा. सातव्या महिन्यात जन्मला, वीस दिवस काचेच्या पेटीत होता. हात बरे चालतात. पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात.

मॅडम टाच तळव्यात धरतात, पाऊल हळूहळू वर ढकलतात. येतं. आता तेच झटक्यात. मध्येच अडतं. ‘इथं बोट लावा ताई. अडकलं, कळलं?’ आई मान हलवते.

हा ताठरपणा म्हणजे स्पॅस्टिक प्रकार. सेरेब्रल पाल्सीच्या दहा मुलांत आठेक अशीच. दोन्ही पायांवर भार जास्त, म्हणून डायप्लेजिया. पायांकडे जाणारे तंतू मेंदूतल्या पोकळ्यांच्या अगदी लगत असतात. वेळेआधी जन्मलेल्या बाळात तिथेच इजा लवकर होते.

10.00
प्रकार कळला. पण मूल काय करू शकतं, ते नावावरून कळत नाही. त्यासाठी भिंतीवर पाच स्तरांचा तक्ता आहे. रॉबर्ट पॅलिसानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये कॅनडात बसवलेला. पहिल्या स्तरातलं मूल चालतं, पायऱ्याही चढतं. पाचव्यातल्याला मान सावरणंही जड जातं.

‘उचलू नका. खाली सोडा.’

चार हातांवर चणे भरलेला डबा वाजतो. मुलगा रांगत येतो. स्टुलाला धरून उभा राहतो, दोन पावलं आडवी टाकतो.

‘एकदा हात सोडून उभा राहिला होता,’ आई सांगते.
‘एकदाचं नको. रोज काय करतो?’
आई थांबते. ‘रोज रांगतोच.’

मग छोटा वॉकर. मॅडम वळणावर हात लावतात. सहा पावलं. फाइलवर लिहितात : स्तर 3.

11.30
आजीच्या मांडीवर दोन वर्षांची मुलगी. जन्मल्यावर कावीळ मेंदूपर्यंत गेली. अंग क्षणात ढिलं, क्षणात पिळलेलं. हात डब्याकडे निघतो, पोचतो भलतीकडेच. हा डिस्कायनेटिक प्रकार. इथे नुसतं ताणून भागत नाही, आधी धड स्थिर हवं.

‘मालीश वाढवू का?’
‘तेल लावा आजी, जोर नको. बसवायचं कसं ते शिकू.’

दोन भिंतींचा कोपरा. दोन्ही बाजूंना गोधडीच्या गुंडाळ्या, पुढे उंच पाट. मुलगी बसते. मान सरळ राहते, आजी मोजते, वीसपर्यंत. खर्च काही नाही.

दुपारी 1.30
डबा उघडा, शेजारी फाइली. चौथ्या-पाचव्या स्तरातल्या मुलांचा खुबा निसटण्याचा धोका जास्त. दुखायला लागेपर्यंत थांबायचं नसतं. मॅडम त्यांच्या एक्स-रेच्या तारखा वेगळ्या वहीत उतरवतात.

2.30
पावलाचं माप. ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या, मध्ये काटकोन धरून ठेवलेला घोटा. मुलगा रडतो, आई चणे वाजवते. या साच्यावर प्लास्टिकचा बूट होईल. पाय वाढला की नवा. बाजारात जोडीला काही हजार पडतात, इथे फुकट, पण थांबावं लागतं.

4.00
एसटीला अर्धा तास. आई आता विचारते. ‘मॅडम, चालंल का हा?’

मॅडम गादीवर तिच्यासमोर बसतात. ‘वॉकर धरून चालेल. घरात, वर्गात. लांब जायला चाकाची खुर्ची लागेल. हात सोडून चालेल, असं मी सांगणार नाही.’

आई मुलाचे मोजे चढवते. एक, मग दुसरा. ‘वॉकर केवढ्या उंचीचा घ्यायचा?’

मॅडम टेप काढतात.

पुढची तारीख गुरुवार. आई नको म्हणते. आज निंदणीची तीनशे रुपये रोजी बुडाली. ‘मंगळवार द्या. आमच्याकडं बाजार असतो, त्या दिवशी कामाला सुट्टी.’

मंगळवार भरलेला आहे. मॅडम समासात एक ओळ वाढवतात.

5.15
गाद्या तिसऱ्यांदा पुसून होतात.