दहा सेकंदांचं औषध

छातीत धडधडतंय हे तान्ह्या बाळाला सांगता येत नाही. ते दूध सोडतं, किरकिरतं, पांढरंफटक पडतं. पोट दुखत असेल म्हणून घरात बेंबीला हिंग लावला जातो आणि त्यात वेळ जातो. दवाखान्यात मॉनिटर लावल्यावर दिसतं, ठोके मिनिटाला २२० च्या वर. तापात नि रडण्यातही ठोके वाढतात, पण ते वरखाली होत राहतात; इथे आकडा खिळल्यासारखा स्थिर. मोठ्या मुलांत १८० च्या पुढे संशय घ्यायचा. डॉक्टर याला एसव्हीटी म्हणतात. बहुतेक बाळांत हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांना जोडणारी विजेची एक जास्तीची वाट असते आणि प्रवाह तिथून गोल गोल फिरत राहतो.

पूर्वी भिस्त डिजॉक्सिनवर असे. त्याचा गुण यायला तास लागत. मग व्हेरापामिल आलं. मोठ्यांना ते मानवलं, पण तान्ह्यांचा रक्तदाब कोसळू लागला. त्यांचा हृदयस्नायू आकुंचनासाठी पेशीबाहेरून येणाऱ्या कॅल्शियमवर जास्त अवलंबून असतो, आणि व्हेरापामिल नेमकी तीच वाट अडवतं. म्हणून वर्षाच्या आतल्या बाळाला ते टाळतात.

आज पहिलं औषध अ‍ॅडेनोसिन. हृदयावरचा त्याचा परिणाम केंब्रिजमध्ये ड्रुरी आणि सेंट-ज्योर्जी यांनी १९२९ मध्येच नोंदवला होता (हेच सेंट-ज्योर्जी ‘क’ जीवनसत्त्वासाठी ओळखले जातात). अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती १९८९ मध्ये. रक्तात त्याचं अर्धायुष्य दहा सेकंदांहूनही कमी, आणि माझ्या मते त्याची थोरवी त्यातच आहे. ते वरच्या नि खालच्या कप्प्यांमधली विजेची गाठ क्षणभर बंद करतं, फेरा तुटतो आणि औषध नाहीसं होतं.

पण म्हणूनच सगळी मदार हातावर. शीर हृदयाजवळची हवी. मनगटापेक्षा कोपराची बरी. किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, झटक्यात, आणि पाठोपाठ सलाईनचा जोरदार फवारा. पाच किलोच्या बाळाचा डोस मूळ कुपीतला ०.१७ मिलिलिटर भरतो. तो नळीच्या कोपऱ्यातच अडकायचा, म्हणून आधी पातळ करून घेतात. ‘औषध लागू पडलं नाही’ असं म्हणण्याआधी ते हृदयापर्यंत पोचलं का, हे विचारावं. दुसरा डोस दुप्पट. दम्यासाठी थिओफायलिन चालू असेल तर परिणाम कमी होतो.

सुई लावेपर्यंत बर्फाची पिशवी कपाळावर नि गालांवर धरतात, नाकतोंड मोकळं ठेवून. जाणत्या मुलाला रिकाम्या सिरिंजमध्ये जोरात फुंकायला सांगतात. डोळे मात्र दाबायचे नाहीत.

बाळ निपचित असेल, रक्तदाब पडलेला असेल, तर औषधांच्या नादी फार लागू नये. ठोक्यांशी जुळवलेला विजेचा झटका, किलोमागे ०.५ ते १ ज्यूल, हाच उपाय. बाळ स्थिर असून अ‍ॅडेनोसिनने फेरा तुटला नाही, तर अ‍ॅमिओडारोन किलोमागे ५ मिलिग्रॅम, तेही २० ते ६० मिनिटांत सावकाश, कारण घाई केली की रक्तदाब पडतो. त्याच्या जोडीला प्रोकेनामाइड सहसा देत नाहीत.

अ‍ॅडेनोसिन देताना ईसीजीचा कागद चालूच ठेवायचा. काही सेकंद रेघ सपाट होते, आणि खोलीतल्या सगळ्यांचेच ठोके चुकतात. कधी फेरा तुटत नाही, पण ठोके विरळ झाल्यावर करवतीच्या दात्यांसारख्या लाटा दिसतात: म्हणजे तो वरच्या कप्प्यातला फ्लटर निघतो आणि उपचार बदलतात. ती पट्टी फायलीत जपावी. बालहृदयतज्ज्ञ आधी तीच मागतात.