सापाचं घर बांधताना: काच, प्लाय आणि काही पक्के गैरसमज

कायद्याचं आधी उरकू. नाग, धामण, अजगर हे आपल्याकडचे साप वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार घरी पाळता येत नाहीत, मग पेटी कितीही शाही असो. साइट्स (CITES) या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतली परदेशी जात ठेवायची तर 2024 च्या नियमांप्रमाणे परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. पुढचं सगळं बोआ कॉन्स्ट्रिक्टरबद्दल आहे. पूर्ण वाढीची मादी सहा-आठ फूट भरते. तिच्यासाठी आठ फूट लांब, चार रुंद, चार उंच अशी पेटी धरू.

“साप काचेच्याच पेटीत ठेवतात.” माशांच्या टाकीवरून ही समजूत आली असावी. काचेतून उष्णता प्लायच्या मानाने फार लवकर बाहेर जाते. बोआला एका टोकाला बत्तीस अंशांच्या आसपास ऊब लागते, आणि चारी बाजूंनी काच असली तर हीटर रात्रंदिवस खोलीच तापवत बसतो. वजन वेगळंच: सहा मिलिमीटर जाडीची आठ बाय चारची एकच काच जवळपास 45 किलो भरते. काच पुढच्या सरकत्या दारांपुरती ठेवावी. टफन्ड घेणार असाल तर माप दोनदा तपासा, कारण ती नंतर कापता येत नाही.

“मरीन प्लाय घेतला, आता पाण्याची चिंता नाही.” सुतारही हेच सांगतो. पण त्यावरचा आयएस 710 या भारतीय मानकाचा शिक्का सांगतो तो मुख्यतः डिंकाबद्दल: उकळत्या पाण्यातही थर सुटणार नाहीत. लाकूड पाणी पितच राहतं, आणि सर्वांत जास्त पिते ती कापलेली कड, कारण तिथे लाकडाच्या नळ्यांची तोंडं उघडी असतात. बोआ पाण्याच्या टबात डुंबते, बाहेर येताना अर्धं पाणी सांडते, शिवाय मूत्र कोपऱ्यात झिरपतं. काही महिन्यांत कड काळी पडते, फुगते, स्क्रू सैल होतात. म्हणून पेटी जोडण्याआधीच प्रत्येक कडेला आणि आतल्या बाजूला पॉलियुरेथेनचे दोन-तीन हात द्यावेत आणि जोडणीनंतर आतले सांधे सिलिकोनने भरावेत. या प्लायमध्ये वाळवी-बुरशी रोखणारं औषधही मुरवलेलं असतं, आतून लेप देण्याचं ते दुसरं कारण. एमडीएफचं नाव काढू नका.

“वास येतो म्हणजे विषारी, सुवास येतो म्हणजे चांगलं.” इथे बरोबर उलटं आहे. ओल्या सिलिकोनला व्हिनेगरसारखा वास येतो तो अॅसिटिक आम्लाचा. सिलिकोन पूर्ण पिकलं की तो जातो. माशांच्या टाक्याही त्यानेच जोडतात. टाळायचं ते न्हाणीघरासाठीचं बुरशीनाशक घातलेलं सिलिकोन. सीडर, देवदार ही सुगंधी लाकडं मात्र वर्ज्य: बंद, उबदार हवेत त्यांची तेलं सापाच्या फुप्फुसांना बाधतात.

“पीव्हीसी उष्णतेने वितळेल.” फोम शीट मऊ पडते सत्तर-ऐंशी अंशांच्या पुढे, आणि पेटीतली हवा तिथवर जात नाही. धोका असतो तो छताला टेकून लावलेल्या सिरॅमिक हीटरचा. तो खाली टांगावा, भोवती जाळीचा पिंजरा करावा, नाहीतर साप त्यालाच वेटोळं घालून भाजून घेतो. बारा मिलिमीटरची शीट वीसएक किलोची, अठरा मिलिमीटरचा प्लाय तीस-पस्तीसचा. पाणी ती पीतच नाही. मात्र आठ फुटांचं छत मधे वाकतं, तिथे आडवी पट्टी हवीच. पैसे असतील तर मी हीच घेईन.

“हवा खेळण्यासाठी वर पूर्ण जाळी हवी.” त्यातून दमटपणा उडून जातो आणि साप जाळीवर नाक घासून सोलून घेतो. थंड टोकाला खाली आणि उबदार टोकाला वर, अशा दोन छोट्या झडपा पुरतात.

पेटी झाली की हीटर थर्मोस्टॅटला जोडून ती आठवडाभर रिकामीच चालवा, दोन्ही टोकांना तापमापक ठेवून. दाराला कुलूप तेव्हाच बसवून घ्या: सरकती काच बोआ सहज ढकलते.