विश्लेषण : बरणीतला विंचू काय खातो, कसा वाढतो, किती जगतो?

सोलापूर जिल्ह्यातल्या माळरानावरच्या गावांत वाढलेल्यांना विंचू नवा नाही. कडब्याची गंज हलवताना, गोवऱ्या काढताना, पौळीचा दगड उचलताना तो भेटतोच. नवी आहे ती त्याला पाळण्याची हौस. मोबाइलवर काचेच्या पेटीतल्या काळ्याभोर विंचवाची चित्रफीत पाहायची आणि मग दगडाखाली सापडलेला विंचू लोणच्याच्या रिकाम्या बरणीत आणून ठेवायचा, असा हा प्रकार. घोटाळा इतकाच, की चित्रफितीतला विंचू आणि आपल्या बांधावरचा विंचू एक नव्हे.

चित्रफितीतला विंचू कोणता?

तो बहुतेक वेळा पश्चिम आफ्रिकेतला 'एम्परर' विंचू असतो. घाना, टोगो, बेनिन या देशांतल्या दमट जंगलात राहणारा, २० सेंटीमीटरपर्यंत वाढणारा आणि दिसायला भीतीदायक. त्याचे विष मात्र निरोगी माणसासाठी सौम्य असते. पाळण्यासाठी तो इतका पकडला गेला, की १९९५ मध्ये 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात त्याचा समावेश करावा लागला. असे करारातले जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांना आपल्याकडे २०२४ च्या नियमांनुसार 'परिवेश' संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते.

आपल्याकडे मुख्यतः दोन विंचू ओळखले जातात. एक इंगळी, म्हणजे मोठा काळा विंचू. शास्त्रज्ञ त्याला २०२० पर्यंत 'हेटेरोमेट्रस' म्हणत, आता दख्खनवरून 'डेक्कनोमेट्रस' म्हणतात. दुसरा लाल विंचू, 'हॉटेनटोटा टॅम्युलस'. हा जेमतेम ५ ते ९ सेंटीमीटर भरतो आणि जगातल्या सर्वाधिक घातक विंचवांत गणला जातो. ढोबळ ओळख अशी : पुढचे चिमटे जाडजूड आणि शेपूट बारीक असेल, तर तो भक्ष्य चिमट्याने चिरडतो, विषावर फारसा अवलंबून नसतो. चिमटे काडीसारखे आणि शेपूट जाड असेल तर सगळी मदार नांगीवर. मुलांना नेमके उलटे वाटते. मोठा काळा पाहून ती पळतात आणि छोटा तांबूस 'पिल्लू असेल' म्हणून उचलतात.

विंचू काय खातो?

जिवंत, हलणारे भक्ष्य. झुरळ, रातकिडा, नाकतोडा, कोळी आणि संधी मिळाली तर दुसरा विंचू. त्यामुळे एका बरणीत दोन ठेवले, की काही दिवसांनी बहुधा एकच उरतो. भात, पोळी, मेलेल्या माश्या टाकून उपयोग नाही. विंचवाला सहा ते बारा डोळे असतात, तरी त्याला नीट दिसत नाही. शिकार कळते ती पायांना जाणवणाऱ्या जमिनीच्या कंपनांवरून आणि चिमट्यांवरच्या बारीक केसांना लागणाऱ्या हवेच्या झुळकीवरून.

त्याला घन अन्न गिळता येत नाही. तोंडाजवळच्या छोट्या जबड्यांनी तो कीटक कुस्करतो, त्यावर पाचक रस सोडतो आणि झालेले कालवण शोषून घेतो. एक रातकिडा संपवायला त्यामुळे बराच वेळ लागतो. एका बैठकीत तो स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे खाऊ शकतो, आणि मग आठवडेच्या आठवडे काही न खाता पडून राहतो. काही प्रजाती वर्षभर उपाशी जगल्याच्या नोंदी आहेत. शरीराचा ऊर्जाखर्चच इतका कमी, की दुष्काळी मुलखाला शोभेल असा हा जीव आहे. पाळणारे म्हणूनच एम्पररला आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा खायला देतात. रोज झुरळे टाकणे ही माया नव्हे. न खाल्लेला रातकिडा तसाच ठेवला, तर कात टाकून मऊ पडलेल्या विंचवाला तोच कुरतडतो.

पाठीवरचे बिऱ्हाड

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण अक्षरशः खरी आहे. विंचू अंडी घालत नाही, मादी पिल्लांना जन्म देते. कित्येक महिन्यांच्या गर्भारपणानंतर जन्मलेली पांढुरकी, मऊ पिल्ले तिच्या पाठीवर चढून बसतात आणि पहिली कात टाकेपर्यंत तिथेच राहतात. पिल्ले आईला खाऊन जन्मतात, असे खेड्यात सांगतात. ते खोटे आहे. उपाशी किंवा डिवचलेली आईच कधी कधी पिल्लांना खाते. बरणीत हे घडण्याची शक्यता जास्त.

विंचवाची वाढ हळूहळू होत नाही, ती कातेगणिक होते. बाहेरचे कवच ताणत नसल्याने ते पुढून फाटते आणि विंचू त्यातून स्वतःला ओढून काढतो. प्रौढ होईपर्यंत साधारण पाच ते सात वेळा हे घडते आणि प्रौढ झाला की थांबते. कात टाकण्याआधी तो खाणे सोडतो. तो आजारी आहे असे समजून त्याला हलवणे, डिवचणे हे बरणीतल्या विंचवाच्या मरणाचे नेहमीचे कारण. हवा फार कोरडी असेल तर एम्परर कातेतच अडकून मरतो. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत ७०-८० टक्के आर्द्रता काचेच्या पेटीत टिकवणे किती जिकिरीचे, हे वेगळे सांगायला नको.

नोटा तपासायच्या अतिनील दिव्याखाली विंचू हिरवट-निळा चमकतो. नुकतीच कात टाकलेला मात्र चमकत नाही, कवच घट्ट होईल तशी चमक येते. रात्री अंगण, न्हाणीघर, चपलांची जागा तपासायला हा छोटा दिवा फार उपयोगी आहे.

आयुष्य किती?

बहुतेक प्रजाती दोन ते सहा वर्षे जगतात. एम्परर नीट सांभाळला तर सहा ते आठ. अमेरिकेच्या वाळवंटातला केसाळ विंचू वीस वर्षांपुढे जातो. नर सहसा मादीआधी मरतात. किड्याच्या मानाने हे आयुष्य मोठे आहे, त्यामुळे हौस सुट्टीपुरती असेल तर हिशेब जुळत नाही.

हाताळण्याचे काय?

सोलापूरहून वाडीमार्गे रायचूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर यादगीर लागते. त्या जिल्ह्यातल्या कंदकूर गावात नागपंचमीला लोक टेकडीवरचे विंचू हातावर, अंगावर घेतात. ते पाहून 'विंचू काही करत नाही' असा निष्कर्ष काढणे महागात पडेल. विंचू प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही, पण कधी सोडणार हे तो सांगत नाही.

लाल विंचवाचे विष शरीरात अॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर आणते. रक्तदाब चढतो, हृदय थकते, फुप्फुसात पाणी भरते. महाडला ग्रामीण भागात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ही लक्षणे खाटेशेजारी बसून टिपली. १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचे निरीक्षण छापून आले आणि १९८६ मध्ये प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीचा उपयोगही. त्याआधी गंभीर रुग्णांतले मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते अगदी थोड्या टक्क्यांवर आले. २०११ मध्ये 'बीएमजे'त आलेल्या त्यांच्या ७० रुग्णांच्या अभ्यासात प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलेले रुग्ण लवकर बरे झाले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

घरात लक्षात ठेवायचे ते एवढे : नुसती आग होणे हे तुलनेने बरे लक्षण. दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडणे, छातीत धडधड दिसली, तर मांत्रिक, चिरा पाडणे, घट्ट बांधणे यात वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. मूल लहान असेल तर लक्षणांची वाटही पाहू नये.

बरणीत विंचू आधीच आला असेल, तर हाताने काढू नका. संध्याकाळी बरणी वस्तीपासून लांब, दगडगोट्यांच्या माळावर न्या, झाकण लांब चिमट्याने काढून ती आडवी करा आणि मागे व्हा. तो आपला आपण दगड शोधतो. बरणी उचलण्याआधी मात्र आत बॅटरी मारून पाहा.